गार वारा सुटला की खिडक्या उघडू नका

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी चौकट होती, मेलबर्नला तासाभरात पारा धाडकन उतरला आणि नागरिक सुखावले अशी, चार ओळी आणि समुद्रकिनाऱ्याचा फोटो. तुमच्या दृष्टीने ती जागा भरायची बातमी असेल. मी मात्र ती वाचून पेपर बाजूला ठेवला आणि बराच वेळ तसाच ओट्यावर बसून राहिलो, चहा गार झाला तरी लक्ष नव्हतं. ‘सुखावले’ हा शब्द टोचला हो. असेच एकदा आम्ही पण सुखावलो होतो आणि त्याच संध्याकाळी माझी सून हातातून जाता जाता राहिली. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, काटछाट करायची असेल तर करा पण वाऱ्याचं जे लिहिलंय ते कापू नका एवढी विनंती.

मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. शिक्षण बारावी, हवामानाचं जे काही कळतं ते बागेने शिकवलेलं आणि बाकीचं त्या रात्रीनंतर मुलाच्या मागे लागून लागून समजून घेतलेलं. मुलगा मेलबर्नला आयटीत आहे, शहराच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो, त्या बाजूला आपले भारतीय खूप, मराठी पण भरपूर. २०१६ ला ऑक्टोबर छाटणी उरकली, बाग धाकट्या भावाच्या हवाली केली आणि आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडे गेलो, नातू तीन महिन्यांचा होता.

२१ नोव्हेंबर २०१६, सोमवार. सकाळपासून उत्तरेचा वारा सुटलेला, आणि कसा तर गुऱ्हाळातल्या चुलवणाच्या तोंडाशी उभं राहिल्यावर येतो तसा. मला हे पहिल्यांदा पटतच नव्हतं, कारण आपल्याकडे उत्तरेचा वारा म्हणजे थंडी, निफाडचा पारा चार-पाच अंशांवर येतो आणि रात्री बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात, आणि इथे उत्तरेचा वारा अंग भाजतोय. मुलाने सांगितलं की बाबा इथे सगळं उलटं आहे, आपण पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात आहोत, उत्तरेला ऑस्ट्रेलियाचं वाळवंट आणि दक्षिणेला बर्फाळ समुद्र, त्यामुळे उत्तरेकडून आलं की गरम आणि दक्षिणेकडून आलं की गार. त्या दिवशी पारा ३५ च्या आसपास होता. सून सकाळपासून शिंकत होती, डोळे लाल, पण ते गेले तीन-चार आठवडे चालूच होतं, तिकडे त्याला ‘हे-फीवर’ (hay fever) म्हणतात, गवताच्या परागकणांची अ‍ॅलर्जी, आणि अर्ध्या शहराला ती असते म्हणून कोणी फार मनावर घेत नाही. दम्याचा त्रास तिला आयुष्यात कधी नव्हता, हे लक्षात ठेवा.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पश्चिमेकडे आभाळ काळंनिळं झालं, गडगडायला लागलं, आणि अचानक, म्हणजे अगदी कोणी बटण दाबावं तसा, वारा फिरला. गरम वारा बंद, दुसऱ्या बाजूने गार वारा. पाऊस म्हणाल तर नावाला, अंगण नीट ओलंसुद्धा झालं नाही. पण तो गारवा! दिवसभर घर बंद करून एसीत बसलेलो आम्ही, माझी बायको म्हणाली अहो किती छान हवा सुटलीय, आणि आम्ही दोघांनी मिळून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं, सूनबाईला म्हटलं चल बाई बाहेर बस जरा मोकळ्या हवेत, दिवसभर कोंडून आहेस. आम्हीच म्हटलं. वळवाचा पाऊस आला की आपण अंगणात येऊन उभे राहतो ना, तसंच.

वीस-पंचवीस मिनिटं झाली असतील. तिला ठसका लागला, मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला, मग तिला बोलता येईना. मुलगा ऑफिसमधून निघून ट्रेनमध्ये होता. अँब्युलन्सला फोन लावला तर सगळ्या शहराचे फोन त्याच वेळी जात होते हे आम्हाला काय माहीत. शेजारी एक श्रीलंकेचं कुटुंब राहायचं, त्यांच्या मोठ्या मुलाला दमा, त्या बाई दम्याचं औषध ओढायचा निळा पंप घेऊन पळत आल्या, प्लास्टिकच्या नळीतून एकेक फवारा करून तिला दिला आणि त्यांच्या नवऱ्याने गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये गेलो तर खुर्च्या संपलेल्या, लोक जमिनीवर बसलेले, तरणीताठी माणसं, आणि सगळे एकाच पद्धतीने श्वास ओढतायत. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. आपले चेहरे इतके दिसत होते की क्षणभर वाटलं नाशिकच्याच दवाखान्यात आहोत.

सून वाचली. या प्रकाराला तिकडे ‘थंडरस्टॉर्म अस्थमा’ म्हणतात, म्हणजे वादळातून उठणारा दमा. त्या वादळात १० जण गेले, आणि हजारो लोक एका रात्रीत दवाखान्यात पोचले. नंतर जो अभ्यास झाला त्यात दिसलं की भारत-श्रीलंकेकडून आलेल्या लोकांना या प्रकाराचा फटका जास्त बसला, आणि पुष्कळांना माझ्या सुनेसारखा आधी कधी दम्याचा त्रासच नव्हता, फक्त शिंका. म्हणूनच मला वाटतं की ही गोष्ट मराठी पेपरात नीट छापून यायला हवी, कारण निफाड, पिंपळगाव, नाशिक, पुणे, कुठेही बघा, दर दुसऱ्या-तिसऱ्या घरातलं पोर बाहेरगावी आहे आणि आईवडील सहा-सहा महिने तिकडे जाऊन राहतात, आणि तिथलं हवामान आपल्यासारखं वागत नाही हे त्यांना कोणी सांगत नाही.

आता हे झालं कसं. मुलाने मला मोबाइलवर तिथल्या हवामान खात्याचा नकाशा दाखवला, त्यात एक निळी रेघ आणि रेघेला करवतीसारखे निळे त्रिकोण. म्हणाला ही शीत आघाडी, कोल्ड फ्रंट. मला शब्द शाळेतल्या भूगोलाचा आठवला, अर्थ आठवेना. तर प्रकार असा आहे, मी शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. थंड हवा जड असते आणि गरम हवा हलकी. दोन्ही समोरासमोर आल्या तर दूध-पाण्यासारख्या लगेच एकमेकींत मिसळत नाहीत, त्यांच्यामध्ये एक सीमा तयार होते, बांध असतो ना दोन वावरांच्या मध्ये, तसा, फक्त हा बांध चालता असतो. थंड हवा पुढे सरकायला लागली की ती जड असल्यामुळे जमिनीलगत घुसते, नांगराचा फाळ जसा मातीखाली घुसतो आणि ढेकूळ वर उचलून उलथवतो अगदी तशी, आणि समोरची गरम हवा तिच्या अंगावरून वर फेकली जाते. तिला दुसरी वाटच नसते.

वर गेलेली हवा गार होते, तिच्यातल्या वाफेचे थेंब होतात, आणि थेंब होताना वाफेत कोंडलेली उष्णता बाहेर पडते, त्या उष्णतेने ती हवा आणखी हलकी होऊन आणखी वर पळते. हे एकदा सुरू झालं की ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच चढू शकतो, वर पसरून ऐरणीसारखा चपटा होतो. वीज, गडगडाट, गारा सगळं त्याच ढगात. उष्ण आघाडी म्हणून दुसरा प्रकार आहे, त्यात गरम हवा मागून येऊन थंड हवेच्या पाठीवर हळूहळू चढते, उतार खूप सौम्य, त्यामुळे आभाळ आधी पातळ मग दाट होत जातं आणि झिमझिम दिवसभर. शीत आघाडीचा चढ खडा, शंभर किलोमीटरला एक-दोन किलोमीटर. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हवेच्या हिशोबात ती भिंत आहे, आणि ती भिंत गाडीच्या वेगाने अंगावर येते.

पण दर वेळी पाऊसच येतो असं नाही हे पण समजून घ्या. समोरच्या गरम हवेत ओल असेल तर वादळ, ओल नसेल तर नुसता वारा आणि धूळ. ८ फेब्रुवारी १९८३ ला मेलबर्नवर धुळीची भिंत आली होती, दुष्काळ होता, शेतं उघडी पडलेली, आघाडीच्या तोंडाशी असलेल्या वाऱ्याने वरची माती उचलली आणि भर दुपारी शहरात अंधार केला. त्या धुळीत मेलबर्नवाल्यांनी फक्त अंधार पाहिला असेल, मी मात्र ते फोटो बघितले तेव्हा मला तिथल्या गहूवाल्यांच्या रानातली वरची कसदार माती उडून चाललेली दिसली. एक इंच माती तयार व्हायला किती पिढ्या जातात ते आम्हाला विचारा.

दुसरी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. गार हवा येण्याच्या अगदी आधी सगळ्यात जास्त तापतं. कारण आघाडीच्या पुढे हवेचा दाब उतरलेला असतो आणि त्या बाजूला वाळवंटातला गरम वारा ओढला जातो, जितकी आघाडी जवळ तितका वारा जोराचा. मग आघाडी डोक्यावरून गेली की वारा एकदम वायव्येचा नैर्ऋत्येचा होतो, पारा अर्ध्या-पाऊण तासात दहा-पंधरा अंश पण उतरतो, आणि दाब वर उसळी घेतो. नातवाच्या बापाच्या मोबाइलमध्ये दाबाचा आलेख दिसतो, त्यात ती उसळी स्पष्ट कळते, मी आता तिकडे गेलो की तेच बघत बसतो. तिथले लोक या सगळ्याला एकच शब्द वापरतात, ‘चेंज’. चेंज पाच वाजता आहे, चेंज उशिरा येणार आहे, असं दुकानात, ट्रेनमध्ये सगळे बोलतात. मुलाचा मित्र अ‍ॅडलेडला राहतो, हवा पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते म्हणून चेंज आधी त्याच्याकडे येतो, त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला की काही तासांनी मेलबर्नचा नंबर. इतकी साधी, कोणालाही वापरता येईल अशी माहिती आहे ही.

आता गवताचं. मेलबर्नच्या पश्चिमेला आणि उत्तरेला कुरणंच कुरणं, त्यात रायग्रास नावाचं गवत, ऑक्टोबर ते डिसेंबर फुलोऱ्यात. एकेक परागकण तसा मोठा असतो, नाकात अडकतो, म्हणून नुसत्या शिंका. पण वादळी ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते, मोठ्या आघाडीच्या पुढ्यात पळणारी ही जणू छोटी आघाडीच, ती सगळ्या कुरणांवरचे पराग गोळा करते. ढगातल्या ओलाव्याने ते कण फुगून फुटतात आणि त्यातून इतकी बारीक पूड बाहेर पडते की ती नाकात न अडकता थेट फुप्फुसात खोल जाते. तर आम्ही ज्या गार वाऱ्यासाठी खिडक्या उघडल्या, तो वारा ही पूड घेऊन आला होता. लंडनला जून १९९४ मध्ये असंच झालं होतं, खुद्द मेलबर्नला १९८७ आणि १९८९ मध्ये झालं होतं. म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं असं नाही, पण ते डॉक्टर लोकांच्या कागदात होतं, घराघरात नव्हतं. २०१७ पासून तिथे १ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर रोज या वादळी दम्याच्या धोक्याचा अंदाज देतात, हिरवा म्हणजे कमी, नारिंगी मध्यम, लाल जास्त.

आपल्या पेपरातल्या चौकटीवर मी इतका का अडलो ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. वारा फिरला की माणूस सैल पडतो. आणि मी जे वाचलं-ऐकलं त्यात परत परत हेच दिसलं की घात त्या फिरण्याच्या वेळेलाच होतो. ७ फेब्रुवारी २००९ ची आग घ्या, ब्लॅक सॅटर्डे म्हणतात त्याला. त्या दिवशी मेलबर्नचा पारा ४६.४ वर गेला होता, तिथला आजवरचा उच्चांक. सकाळपासून उत्तरेच्या वाऱ्याने वणवे लांबच लांब, अरुंद पट्ट्यात आग्नेयेकडे पळत होते. संध्याकाळी चेंज आला, नैर्ऋत्येचा वारा सुटला. आता विचार करा, लांब पट्ट्यासारखी आग आहे, तोंड अरुंद, बाजू कितीतरी किलोमीटरची. वारा बाजूने लागला तर काय होईल? ती सगळी बाजूच तोंड झाली. मेरिसव्हिल नावाचं डोंगरातलं टुमदार गाव असंच वारा फिरल्यावर आगीच्या वाटेत आलं. त्या दिवसाच्या वणव्यांमध्ये १७३ माणसं गेली, दोन हजारांवर घरं जळाली. १९८३ च्या १६ फेब्रुवारीलाही हेच, त्यात ७५ गेले, काही तर आग विझवायला गेलेले स्वयंसेवक होते, वारा फिरला आणि आगीच्या तावडीत सापडले. आपल्याकडे उसाला आग लागली आणि वारा पालटला की काय धावपळ उडते ते ज्याने पाहिलंय त्याला हे दोन ओळीत कळेल.

हे आघाडी प्रकरण शोधलं कोणी तेही मुलाने वाचून दाखवलं, आणि मला ते ऐकून फार बरं वाटलं. पहिलं महायुद्ध चालू होतं, नॉर्वेत धान्याची टंचाई, युद्धामुळे बाहेरच्या देशांकडून हवामानाच्या तारा येणं बंद. तेव्हा बर्गनला विल्हेल्म ब्यर्कनेस नावाच्या शास्त्रज्ञाने १९१८ मध्ये शेतकरी आणि कोळी लोकांच्या उपयोगासाठी अंदाज द्यायला पश्चिम किनाऱ्यावर एकमेकांच्या जवळ अशी नोंद केंद्रं उभी केली. केंद्रं दाट झाल्यावर त्यांना नकाशावर या रेघा दिसायला लागल्या, आणि त्यांचा मुलगा याकोब, वय एकवीस-बावीस, त्याने त्याची मांडणी केली. आघाडी हे नाव युद्धाच्या आघाडीवरून पडलं, दोन सैन्यं समोरासमोर असतात तशा दोन हवा. म्हणजे बघा, जगातलं एवढं मोठं ज्ञान शेतकऱ्याला उद्या पाऊस येईल का हे सांगण्याच्या धडपडीतून निघालं. आणि शंभर वर्षं झाली तरी आमच्या गावातल्या शेतकऱ्याला ते कोणी सांगितलं नाही.

तुम्ही म्हणाल हे तिकडचं झालं, निफाडचा काय संबंध. आहे. मेलबर्नसारखी स्वच्छ रेघ महाराष्ट्रावर सहसा येत नाही हे मला माहितीय, आपण उष्ण कटिबंधात आहोत आणि एप्रिल-मेचा वळीव तर उन्हाच्या तापाने जागच्या जागी उठतो, त्याला आघाडी लागत नाही. पण हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून जे पश्चिमी झंझावात येतात, काश्मिरात बर्फ टाकतात, पंजाब-दिल्लीला पाऊस देतात, ते मेलबर्नच्या आघाड्यांसारखेच, समशीतोष्ण पट्ट्यातल्या हवेच्या कुळातले. त्यांचा जोर मोठा असला की वरच्या थरातली गार हवा खाली महाराष्ट्रापर्यंत झोळासारखी लोंबते. आणि त्याच वेळी खालून अरबी समुद्राकडून नाहीतर बंगालच्या उपसागराकडून दमट वारा आत आला, की वर गार कोरडं आणि खाली उबदार ओलं. मग काय होतं ते वर लिहिलंच आहे, खालची हवा वर उसळते. आणि वरचा थर नेहमीपेक्षा गार असल्यामुळे ढगात तयार झालेल्या गारा खाली येईपर्यंत वितळत नाहीत, आख्ख्या बागेवर पडतात.

२०१४ ला फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यभर जी गारपीट चालली ती कोणी विसरलं नसेल, विदर्भ, मराठवाडा, आमचा भाग, सगळीकडे. आणि २६ नोव्हेंबर २०२३, रविवार, आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात. माझी बाग फुलोरा संपून मणी धरायच्या बेतात होती. अर्धा तासभरच असेल, पण घड झोडपून जमिनीवर, पानांच्या चाळण्या, काड्यांना जखमा, आणि पुढे डावणी (बुरशीचा रोग) आणि कूज यांच्याशी झगडायला महिनाभर फवारण्या. कांद्याच्या रोपांचं तर बोलायलाच नको. त्या दिवशी सकाळी भाऊ म्हणत होता की आज हवा कोंदट आहे, नोव्हेंबरात अशी नसते. मी आभाळाकडे बघून म्हणालो झाकळलंय फक्त, जाईल. मेलबर्नचा धडा शिकून सात वर्षं झाली होती आणि तरी मी असं म्हणालो, कारण वर गार हवा येऊन थांबलीय हे मला जमिनीवरून दिसणार कसं? ते फक्त नकाशावर दिसतं, आणि नकाशा माझ्यापर्यंत येत नाही. आदल्या दिवशी पेपरात काय होतं? यलो अलर्ट. जिल्ह्यांची नावं. संपलं.

म्हणून संपादकसाहेब, माझी तक्रार बातमीदारांवर नाहीच, ते मिळेल ते छापतात. पण ‘थंडीमुळे गारपीट’, ‘ढगाळ वातावरणामुळे पाऊस’ असलं वाचलं की जीव तुटतो. ढगाळ वातावरणामुळे पाऊस म्हणजे काय सांगितलं तुम्ही आम्हाला? कुठली हवा कुठून येतेय आणि कुठल्या हवेला भिडतेय हे सांगा. वारा आत्ता कुठून आहे आणि कुठल्या वेळेला कुठून होणार आहे हे सांगा. ऑक्टोबर ते मार्च रोज हाताच्या पंजाएवढा नकाशा छापा, त्यात झंझावात कुठवर आलाय त्याची रेघ आणि दमट वारा कुठून येतोय त्याचे बाण, बस. मेलबर्नच्या किराणा दुकानातल्या पोराला चेंज कधी आहे ते सांगता येतं, आमचा शेतकरी काय कमी डोक्याचा आहे का? पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं विजेचं ‘दामिनी’ अ‍ॅप गावागावात पोचलं, लोक वापरतात, वीज जवळ आली की बांधावरून घरी येतात. कळेल असं दिलं तर लोक वापरतातच.

झंझावात पुढे सरकून गेला की उत्तरेचा कोरडा वारा मोकळा सुटतो आणि दोन-चार दिवसांत पारा उतरतो, हेही त्याच बातमीत एका ओळीत सांगता येईल. आम्ही गारपिटीचे पंचनामे करत बसलेलो असतो आणि मागून थंडी येते, मण्यांची फुगवण थांबते. आधी कळलं तर पहाटे बागेला पाणी सोडायचं, शेकोटीला पालापाचोळा जमवायचा, एवढं तरी करता येतं.

आणि ज्यांची मुलं मेलबर्नला आहेत त्यांच्यासाठी, हे मात्र नक्की छापा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे असाल, घरात कोणाला नुसत्या शिंका जरी असल्या, तर आधी डॉक्टरला दाखवून निळा पंप घरात आणून ठेवा आणि तो कसा द्यायचा ते शिकून घ्या, आजी-आजोबांनी पण शिका, कारण त्या वेळेला घरात तुम्हीच असणार आहात. रोजचा परागाचा अंदाज बघा. दिवसभर उत्तरेचा गरम वारा आहे आणि पश्चिमेला गडगडतंय असं झालं की घरात या, खिडक्या लावा, एसी बाहेरची हवा ओढणार नाही असा ठेवा, वादळ पूर्ण जाईपर्यंत. धाप लागली तर वाट बघत बसू नका.

पुढच्या आठवड्यात १ ऑक्टोबर. इकडे आमच्या छाटण्या सुरू होतील आणि तिकडे गवताला फुलोरा येईल. नातू आता शाळेत जातो, आणि गेल्या वर्षीपासून त्यालाही वसंतात शिंका सुरू झाल्यात. सूनबाईने त्याच्या दप्तराच्या बाहेरच्या कप्प्यात पंप ठेवलाय, तो कुठे आहे ते त्याच्या बाईंना आणि त्याच्या शेजारी बसणाऱ्या दोन मुलांना दाखवून ठेवलंय. संध्याकाळी फोन आला की मी आधी विचारतो, वारा कुठला आहे आज.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक